एक्सप्लेनर : बियाण्याला चोळायच्या पाकिटामागचा माणूस, कोण होते मार्टिनस बायजेरिंक?

पेरणीच्या तोंडावर कराड, पलूस, तासगावच्या कृषी सेवा केंद्रांत रायझोबियमची मागणी सुरू होते. अडीचशे ग्रॅमचे पाकीट, गुळाचे पाणी आणि ताडपत्रीवर पसरलेले सोयाबीन, हे दृश्य सांगली-साताऱ्यात ओळखीचे आहे. त्याच रॅकवर ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलमही असतात. या तिन्ही जिवाणूंचा माग काढला तर वाट नेदरलँड्सच्या एकाच माणसापाशी जाते.

मार्टिनस विलेम बायजेरिंक यांचा जन्म 16 मार्च 1851 रोजी ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडिलांचा तंबाखूचा व्यापार बुडाला आणि घरची परिस्थिती ओढाताणीची झाली. ओढा वनस्पतींकडे होता, पण काकांच्या मदतीने शिकले ते डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये, रासायनिक तंत्रज्ञान. तिथे त्यांचे सोबती होते व्हान्ट हॉफ, ज्यांना पुढे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले. बायजेरिंक यांना ते कधीच मिळाले नाही. 1877 मध्ये त्यांनी लायडनला डॉक्टरेट केली. विषय होता झाडांवरच्या गाठी, म्हणजे कीटकांमुळे पानाफांद्यांवर येणाऱ्या. मुळांच्या गाठींशी गाठ पडायला अजून अकरा वर्षे होती.

गाठीत नेमके कोण?

हवेत सुमारे 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. तरीही कडधान्य घेतलेल्या रानात पुढचे पीक चांगले येते, हे शेतकऱ्यांना पूर्वीपासून माहीत होते. कारण माहीत नव्हते. 1886 मध्ये जर्मनीच्या हेलरिगेल यांनी दाखवले की, शेंगवर्गीय पिके मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र वापरतात आणि या गाठी मातीतल्या कुठल्यातरी सूक्ष्मजीवामुळे होतात. तो सूक्ष्मजीव मात्र कुणी वेगळा काढला नव्हता.

बायजेरिंक तेव्हा डेल्फ्टमधल्या यीस्ट आणि स्पिरिटच्या कारखान्यात नोकरीला होते. पगार यीस्टसाठी, डोके मुळांत! त्यांनी शेंगवर्गीय झाडाचाच काढा केला, त्यात साखर, ॲस्पॅराजिन आणि जिलेटिन घातले. गाठ बाहेरून निर्जंतुक करून आतला अंश त्यावर पसरवला आणि 1888 मध्ये जिवाणू शुद्ध स्वरूपात हाती आला. पुढे त्यांनी हाच जिवाणू रोपांना देऊन गाठी आणून दाखवल्या. आज बियाण्याला चोळायच्या पाकिटामागे हीच कल्पना आहे.

यातला धाडसाचा भाग आज सहज लक्षात येत नाही. तो पाश्चर आणि कॉख यांचा काळ होता. जिवाणू म्हणजे क्षय, पटकी, मरण. अशा वेळी मुळात शिरणारा जिवाणू झाडाला खायला घालतो, हे सिद्ध करायचे होते. आणि ते पूर्ण सिद्ध झालेही नाही. प्रयोगशाळेत एकटा वाढवलेला हा जिवाणू नत्र बांधतो, हे बायजेरिंक यांना दाखवता आले नाही. झाड आणि जिवाणू यांची भागीदारी असेल तरच हे काम होते. झाड साखर देते, जिवाणू नत्र.

दुसरा आणि तिसरा

1895 मध्ये ते डेल्फ्टला प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत इंजिनीअरला शोभेल अशी होती : अट अशी घाला की, हवा तोच जीव तगेल. द्रावणात साखरेसारखे अन्न ठेवले, नत्र अजिबात ठेवला नाही आणि त्यात बागेची माती किंवा कालव्याचे पाणी टाकले. हवेतून नत्र घेणाराच वाढणार! 1901 मध्ये अशा रीतीने ॲझोटोबॅक्टर सापडला. हा गाठी करत नाही, मातीत मोकळा राहतो.

त्याआधी 1898 मध्ये तंबाखूच्या मोझॅक रोगावर काम करताना, जिवाणूपेक्षा वेगळेच काहीतरी संसर्ग करते, असे त्यांनी मांडले. विषाणूशास्त्राची ही सुरुवात मानली जाते. वडिलांना बुडवणाऱ्या तंबाखूनेच मुलाचे नाव केले, असे म्हणायला हरकत नाही.

माणूस मात्र सोपा नव्हता. विद्यार्थ्यांना त्यांचा धाक वाटे. विज्ञान आणि संसार एकत्र होत नाही, असे त्यांचे मत होते. लग्न केले नाही, बहिणींसोबत राहिले. सत्तरीत, 1921 मध्ये निवृत्त होऊन गोर्सेल या गावी गेले आणि तिथूनही लिहीत राहिले. 1925 मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या एका नागमोडी जिवाणूकडे बराच काळ फारसे कुणी पाहिले नाही. 1978 मध्ये त्यालाच ॲझोस्पिरिलम हे नाव मिळाले. बायजेरिंक यांचे निधन 1 जानेवारी 1931 रोजी झाले होते.

पाकीट कधी फुकट जाते?

पाकिटात भुकटी दिसते, पण माल जिवंत असतो. उन्हात ठेवलेले किंवा मुदत संपलेले पाकीट कामाचे नाही. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. युरिया जास्त पडला तर रोप गाठीच कमी धरते. बियाणे कसबे डिग्रजच्या केंद्राचे फुले संगम असो की दुसरे वाण, नियम हाच.

पीक साधारण चाळीस दिवसांचे झाले की, एक रोप मातीसकट खणून काढावे आणि गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लालसर दिसले तर जिवाणू कामाला लागले आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही.