बाया कर्वे : परिचारिका, माता आणि आजी

वाचकहो, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळाच. विधवांसाठी आश्रम, स्त्रियांसाठी विद्यापीठ आणि १०४ वर्षांचे आयुष्य, एवढे आपण शाळेतच शिकतो. परंतु ज्या घरातून हे कार्य उभे राहिले, त्या घराची चूल कोणी पेटती ठेवली हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आनंदीबाई कर्वे. घरचे व बाहेरचे सारे त्यांना बाया म्हणत.

त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. पती म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्या विधवा झाल्या. पुढे केशवपन झाले आणि सासरी राबण्यात तारुण्याची वर्षे गेली. त्या काळी असे आयुष्य शेवटपर्यंत तसेच जात असे.

गोदूबाईंचे तसे झाले नाही. त्यांचे बंधू नरहरपंत मुंबईस शिकत होते आणि कर्व्यांचे स्नेही होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा नरहरपंतांनी बहिणीस तेथे नेले. सदनात आलेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी होय. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, तरीही आपल्या छपराखालच्या मुलींना त्यांच्या घरच्या रीतीभाती पाळण्याची मुभा त्यांनी ठेविली होती. विशी ओलांडलेल्या गोदूबाईंनी तेथे पाटी हाती घेतली. पुढे सदन पुण्यास आले, तेव्हा त्याही पुण्यास आल्या.

कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. योगायोग असा, की सदन उघडले त्याच तारखेस, बरोबर चार वर्षांनी, त्या पुन्हा सौभाग्यवती झाल्या. समाजाने याचा वचपा काढिला. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि आईच्या घरचा उंबरठाही मुलास परका झाला.

येथून बायांची खरी कसोटी सुरू झाली. पती फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. वेतन बेताचेच आणि मन सदैव परोपकाराकडे. त्यांच्यामागे आपले व मुलांचे काय होईल ही चिंता बायांस होती. ती चिंता त्यांनी उसाशांत घालविली नाही. त्या नागपुरास गेल्या आणि परिचर्येचे व प्रसूतीचे शिक्षण घेऊन आल्या. पतीने त्यांस पाठबळ दिले. वाचकहो, हे पाऊल किती मोठे होते हे आज सहज ध्यानात येणार नाही. बाळंतिणीस शिवणे म्हणजे विटाळ, ते काम खालच्या समजलेल्या सुइणीचे, असे मानणाऱ्या जातीत त्या जन्मल्या होत्या. पुनर्विवाहाने एक कुंपण त्यांनी ओलांडले होते. या शिक्षणाने दुसरे ओलांडले. पोटाची विद्या आणि सेवेची विद्या त्यांनी एकाच वेळी मिळविली.

इकडे १८९३ सालीच शारदा सदनातील धर्मांतराच्या वार्तेने पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. विधवांच्या शिक्षणाची गरज तर उरलीच. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढिला, त्यास स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये दिले आणि पुढे १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला.

या आश्रमाने बायांस मोठे दुःख दिले. सनातनी पालकांचा विश्वास राहावा म्हणून आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अंतर राखिले. परिणामी पुनर्विवाहित बाई, मग ती संस्थापकाची पत्नी का असेना, तेथे दूरच ठेविली गेली. विधवांचे दुःख जिने देहाने भोगले, तिलाच विधवांच्या घरात मोकळेपणी वावरता येईना. त्यातच कर्व्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमास देऊन टाकिली. बाया संतापल्या, भांडल्या, आणि तो संताप त्यांनी पुढे लपविलाही नाही. मुलांच्या तोंडचा घास कोणी विचारावयाचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याग एकाचा असतो, पण त्याची झळ साऱ्या घरास लागते, हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी सांगितले असेल.

तरीही त्यांनी कार्याकडे पाठ फिरविली नाही. उतारवयात त्यांनी स्वतः संस्थेसाठी वर्गणी गोळा केली. ज्या दारात त्यांना मान मिळाला नव्हता, त्या दारासाठी त्यांनी झोळी घेतली. रागाने त्यांचे अंतःकरण आकसले नाही, ही त्यांची थोरवी.

त्यांचे मातृत्वही विस्तीर्ण होते. सावत्र मुलगा रघुनाथ पुढे संततिनियमनाचा निर्भय प्रचारक झाला. त्याने १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढिले. पोटचा शंकर आफ्रिकेत मोंबासा येथे डॉक्टर झाला, दिनकर फर्ग्युसनचा प्राचार्य झाला आणि भास्कराने हिंगण्याच्या संस्थेस आयुष्य दिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई मानवशास्त्राच्या विदुषी व 'युगान्त'च्या लेखिका. नातींपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांनी लेखनात नाव मिळविले. जिला विशीनंतर पाटी मिळाली, तिच्या नाती ग्रंथकर्त्या झाल्या. भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाईंनी सासूच्या आठवणी लिहून काढल्या. 'माझे पुराण' हे बायांचे आत्मचरित्र त्यातूनच आपल्या हाती आले.

१९५० साली बाया निवर्तल्या. पतीस १९५८ साली मिळालेले भारतरत्न पाहावयास त्या नव्हत्या.

वाचकहो, आपल्या ओळखीच्या एखाद्या संस्थेच्या भिंतीवर संस्थापकाची तसबीर पाहाल, तेव्हा क्षणभर तिच्यामागच्या घराचाही विचार करा. तेथे कोणी रात्री जागून आजाऱ्याची सेवा केली असेल, कोणी पुरवून पुरवून पीठ मळले असेल, कोणी न्यायासाठी भांडून पुन्हा कामास लागले असेल. अशी एखादी वृद्धा आज आपल्याच घरात असेल, तर तिच्यापाशी बसा. तिची हकीकत तिच्याच तोंडून ऐका आणि कावेरीबाईंप्रमाणे ती लिहूनही ठेवा.