गाणारा उद्योजक : पं. विष्णु दिगंबर पलुसकर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपल्या सोसायटीत संध्याकाळी दोन-तीन घरांतून पेटीचे सूर ऐकू येतात. मुलगा किंवा मुलगी दहावीला गेली की ते बंद होतात. पुढे इंजिनिअर व्हायचंय, जमलं तर स्वतःची कंपनी काढायचीय, मग गाण्यात वेळ कशाला, असा पालकांचा हिशेब असतो. मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेबच तपासले, म्हणून या हिशेबाबद्दल दोन शब्द बोलावेसे वाटतात.

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल लहानपणापासून पियानो वाजवत. वेगवेगळ्या स्वरांच्या पट्ट्या वापरून एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवता येतील का, या त्यांच्या खटपटीतूनच १८७६ चा टेलिफोन निघाला आणि पुढच्या वर्षी कंपनीही उभी राहिली. पण इतक्या दूर जायचं कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातला एक गवई असा होऊन गेला, की ज्याने गाण्याच्या जोरावर शाळा, छापखाना आणि वाद्यांचा कारखाना उभा केला. ते म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. मूळ आडनाव गाडगीळ, पलूस गावावरून पलुसकर. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली आणि शिक्षणाची वाट बंद झाली. मिरजेला ग्वाल्हेर घराण्याचे थोर गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. त्यांच्याकडे मुलाला गाणं शिकायला ठेवलं. तिथे वर्षानुवर्षे रियाज झाला. गुरूच्या घरची कामं करायची, मिळेल तेव्हा शिकायचं आणि एकच पलटा शेकडो वेळा घोटायचा, अशी ती जुनी पद्धत.

त्या काळी गवई म्हणजे संस्थानिकाचा आश्रित. गाण्याला मान होता, गाणाऱ्याला नव्हता. ही गोष्ट बुवांच्या मनाला लागली आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदा करत ते सौराष्ट्रात पोहोचले आणि तिथे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. झाडीपट्टीतल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. धान निघालं की वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात आणि माणसं तिकीट काढून थंडीत कुडकुडत गाणी ऐकतात. पण त्या काळात शास्त्रीय गाण्यासाठी साध्या माणसाकडून पैसे घेणं हे धाडस होतं. राजाच्या बक्षिसावर जगायचं नाही, ऐकणाऱ्याच्या पैशावर उभं राहायचं, हा बुवांचा पहिला व्यावसायिक निर्णय.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. परका मुलूख, परकी भाषा, हातात भांडवल नाही. राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ही संगीतशाळा होती. इथे वर्ग होते, वेळापत्रक होतं, फी होती, परीक्षा होत्या. आज आपल्याला हे साधं वाटतं. पण गुरूची मर्जी असेल तेव्हाच विद्या मिळायची, त्या काळात ही उलथापालथच होती.

यातला कळीचा मुद्दा स्वरलिपीचा. गाणं गुरूच्या गळ्यातच राहिलं, तर शाळा एका माणसापुरतीच चालणार. म्हणून बुवांनी स्वर आणि ताल कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धत बसवली. ती चिन्हं छापायची म्हणून स्वतःचा छापखाना घातला. ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकं काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवलं. विद्यार्थ्यांना वाद्यं लागतात, ती बिघडतात, म्हणून पुढे मुंबईत वाद्यं बनवण्याचा आणि दुरुस्तीचा कारखानाही काढला. एका गरजेतून दुसरी सोय, अशी ही साखळी. आजचे तरुण यालाच सिस्टीम म्हणतात.

शिक्षक कुठून आणायचे? तेही बुवांनीच घडवले. होतकरू मुलांना जेवण-राहणं द्यायचं, फी घ्यायची नाही, त्याबदल्यात करार करून त्यांनी ठरलेली वर्षं शिकायचं आणि शिकवायचं. म्हणजे गुरुकुलाची जुनी रीत, पण लेखी आणि शिस्तीची.

१९०८ मध्ये मुंबईत शाळा निघाली आणि भराभर वाढली. मुलीही शिकायला येऊ लागल्या. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत झाली, पण ती कर्जावर. इथे माझ्यातला बँकवाला सावध होतो. बुवा मैफली करून हप्ते फेडायचे, म्हणजे परतफेडीचा सगळा भार एका गळ्यावर. पुढे त्यांचं मन भक्तीकडे वळलं, रामायणाची प्रवचनं सुरू झाली, उत्पन्न आटलं आणि १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. बुवा नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहू लागले. २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत त्यांचा देह पडला. त्या दिवशीचा ताळेबंद कोणी मांडला असता, तर मालमत्तेच्या रकान्यात फार काही निघालं नसतं.

पण ताळेबंदात माणसं धरत नाहीत. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर, नारायणराव व्यास असे शिष्य तयार होते. नारायण मोरेश्वर खरे तर गांधीजींच्या साबरमती आश्रमात प्रार्थना-संगीत सांभाळत होते. बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढलं. लिलावात दगड-विटा गेल्या. अभ्यासक्रम, पुस्तकं आणि शिकवणारे हात कोणाला लिलावात काढता आले नाहीत. आपल्या सोसायटीतली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. लाहोरला लावलेलं रोप चंद्रपूरपर्यंत आलं ते असं.

बुवांचा धंदा बुडाला की तरला, हे ज्याने त्याने ठरवावं. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, गाण्याने त्यांना जे दिलं तेच त्यांनी संस्थेत ओतलं. रोज तेच काम न कंटाळता करणं, साथीदाराकडे कान देणं, लय न सोडणं आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या हाती देणं. नवा उद्योग काढणाऱ्याला हेच लागतं. कर्ज मागायला आलेल्या कितीतरी हुशार तरुणांकडे कल्पना असायची, मशिनरीचं कोटेशन असायचं. पण दुसऱ्याचं ऐकून घेण्याची सवय नसायची. माझ्या पाहण्यात बहुतेक युनिटं तिथेच बंद पडली. दुसरी गोष्ट, रियाज कितीही पक्का असला तरी हप्त्याची तारीख चुकत नाही. त्यासाठी हिशेब ठेवणारा जोडीदार वेगळा हवा. बुवांना तो मिळाला असता, तर सँडहर्स्ट रोडची ती इमारत कदाचित वाचली असती.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. दहावीच्या वर्षी रियाज तासाचा अर्धा तास करा, पण पेटीवर कापड टाकून ती माळ्यावर ठेवू नका. आणि समितीला एक सूचना : खालचा हॉल आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना गाण्या-वाजवण्यासाठी मोकळा ठेवावा. सतरंज्या आहेतच, तबल्याची एक जोडी मी देतो.