धुरातून ताकद काढणारा आल्फ्रेड

धुळ्याहून नाशिककडे निघालात की लळिंगचा घाट लागतो. गाडीत पाच जण, डिकीत बॅगा, बाहेर रणरणतं ऊन आणि इंजिन अवघं एक लिटरचं. तरी गाडी दमत नाही. मागे ‘टर्बो’ लिहिलंय ना, ते उगाच नाही! पण ही करामत कुणाची, ठाऊक आहे? आल्फ्रेड ब्यूखीची.

1879 मध्ये स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात जन्मलेला हा पोरगा 1903 मध्ये झुरिचमधून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता धुराबरोबर फुकट जाते, हे त्याला खटकत होतं. त्याचा हिशेब साधा होता. त्या गरम धुरानं एक चक्र फिरवायचं, त्याच्या जोरावर दुसरा पंखा चालवायचा आणि त्यानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा जास्त, तर इंधनही जास्त जळणार. म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद! 1905 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी त्यानं पेटंट घेतलं.

मग लगेच नाव, पैसा? छे! सुल्झर कंपनीत राहून त्यानं प्रयोग केले, पण 1915 चा नमुना भरवशाचा निघाला नाही. दुसरा कुणी असता तर फाइल बंद करून मोकळा झाला असता. ब्यूखी मात्र चिकटून राहिला. सगळ्या सिलिंडरांचा धूर एकाच पाइपात सोडला, तर एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून त्यानं सिलिंडरांचे गट पाडले आणि वेगवेगळे पाइप दिले. 1925 मध्ये जमलं! ताकद 40 टक्क्यांहून जास्त वाढली. पुढे दोन जर्मन प्रवासी जहाजांची 1750 अश्वशक्तीची इंजिनं याच युक्तीनं 2500 वर गेली.

1959 मध्ये ब्यूखी गेला. टर्बोवाली कार अमेरिकेच्या बाजारात आली ती 1962 मध्ये. त्याला ती बघायला मिळालीच नाही.

आता जाता जाता एक कोडं. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पसरते. म्हणून तिला गार करायला इंटरकूलर लावतात. मे महिन्यात जळगावात तो किती राबत असेल? मेकॅनिकलवाल्यांनो, करा बघू हिशेब! आणि प्रोजेक्ट पहिल्या फटक्यात चाललं नाही, तर आधी पाइप तपासा.