विल्यम केरी : जन्मभर शिकणारा मनुष्य

विल्यम केरी ह्यांचा जन्म इ. स. १७६१ सालीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी खेड्यांत एका विणकराच्या घरीं झाला. लहानपणीं ते चांभाराचा धंदा शिकले. परंतु जोडे शिवतां शिवतां त्यांनीं लॅटिन व ग्रीक ह्या भाषांचाही अभ्यास केला.

पुढें ते शिक्षक झाले. पण मुलांस धाकांत ठेवणें त्यांस साधलें नाहीं. कोणास नकार देणेंही त्यांस जड जाई. हे दोष ते ओळखून होते. आपणांस मोठी बुद्धि आहे असें ते कधीं म्हणत नसत. हातीं घेतलेलें काम नेटानें चालविणें, एवढाच गुण ते आपल्याकडे घेत.

१७९३ सालीं ते बंगालांत आले. त्यांचा बंगाली नवा करार १८०१ सालीं छापून निघाला, तरी त्यांतील चुका ते म्हातारपणापर्यंत सुधारीत राहिले. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं कोश प्रसिद्ध केला. १८१२ सालीं बंगालांतील श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. तेव्हां एकदां चाललेली वाट दुसऱ्यानें सोपी जाते, असें मानून ते पुन्हां कामास लागले. १८३४ सालीं ते प्रभूमध्यें निजले.

प्रिय वाचकहो, वाचतांना अडखळतों म्हणून कोणी पुस्तक मिटूं नये. आपली उणीव ओळखावी, आणि रोज एक ओळ तरी पुढें जावें.