जॉन स्कॉट हाल्डेन : विषारी वायूने रक्त मोजणारा शास्त्रज्ञ

जिवंत माणसाच्या शरीरात रक्त किती असते? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर मृतांकडूनच मिळत असे. जर्मनीत शिरच्छेद झालेल्या कैद्यांचे रक्त गोळा करून, उरलेले पाण्याने धुऊन काढून मोजले गेले. ते शरीराच्या वजनाच्या तेराव्या भागाइतके भरले. रुग्णासाठी ही पद्धत अर्थातच निरुपयोगी होती.

यातून मार्ग काढणारे जॉन स्कॉट हाल्डेन एडिंबरा येथे मे १८६० मध्ये जन्मले. वैद्यकाची पदवी घेऊन ते ऑक्सफर्डला आले आणि श्वसनाच्या अभ्यासात आयुष्यभर रमले. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. मृतदेहांची तपासणी करून हाल्डेन यांनी दाखवून दिले, की बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता. या वायूचे परिणाम त्यांनी आधीच स्वतःच्या शरीरावर अभ्यासले होते.

हाच मारक वायू पुढे त्यांचे मोजमाप ठरला. १९०० साली जेम्स लोरेन स्मिथ यांच्यासह त्यांनी नवी पद्धत मांडली. वायूची मोजकी, निरुपद्रवी मात्रा हुंगायला द्यायची, बोटातून थोडे रक्त घ्यायचे आणि हिमोग्लोबिनचा किती हिस्सा वायूने व्यापला हे रंगावरून ठरवायचे. त्यावरून एकूण हिमोग्लोबिन आणि रक्ताचे आकारमान निघे.

लाभ आजारात दिसला. क्लोरोसिस या तरुण मुलींच्या पांडुरोगात रक्ताचा थेंब फिकट दिसे. पण स्मिथ यांना एकूण हिमोग्लोबिन फारसे घटलेले आढळले नाही, रक्तद्रवच वाढलेला होता. केवळ थेंब पाहून हा भेद कळला नसता.

हाल्डेन यांचा निरोगी माणसासाठीचा आकडा, वजनाचा सुमारे विसावा भाग, पुढे कमी ठरला. आजचा अंदाज जुन्या तेराव्या भागाच्याच जवळ आहे. पद्धत मात्र टिकली. पुढे रंगद्रव्ये व किरणोत्सारी खुणांनीही रक्त मोजले जाऊ लागले. त्यांमागेही मिसळून पसरलेल्या पदार्थावरून एकूण ताडण्याचेच तत्त्व आहे. खेळाडूंचे हिमोग्लोबिन मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइड आजही वापरला जातो.

मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे हाल्डेन निवर्तले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.