हरलेल्या राजाची गोष्ट

वॉर्सातल्या एका सुखवस्तू ज्यू वकिलाच्या घरी पाच वर्षांच्या हेन्रिकचा कॅनरी पक्षी मेला. मुलाने मिठाईच्या डब्यात कापूस पसरून त्याला निजवले, अंगणातल्या झाडाखाली पुरले आणि वर लाकडाचा छोटासा क्रूस रोवायचे ठरवले. मोलकरणीने मोडता घातला. रखवालदाराच्या मुलाने कारण सांगितले: कॅनरी ज्यू होता, हेन्रिकही ज्यूच आहे, तेव्हा मेल्यावर त्याला स्वर्ग नाही, काळोखातच राहावे लागेल. मरण म्हणजे काय आणि ज्यू असणे म्हणजे काय, हे दोन्ही धडे त्या पोराला एकदमच मिळाले.

हाच हेन्रिक गोल्डश्मित पुढे यानुष कोर्चाक या टोपणनावाने पोलंडचा लाडका बाललेखक झाला. जन्म १८७८ चा की १८७९ चा, हे नक्की नाही, कारण वडिलांनी नोंदच वेळेवर केली नाही. ते वडील वेडाच्या आजारात १८९६ साली गेले आणि घरची श्रीमंती ओसरली. शिकवण्या करत हेन्रिक डॉक्टर झाला. वडिलांचा आजार आपल्या रक्तात असेल या धास्तीने त्यांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही. मात्र १९१२ मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या ज्यू अनाथालयाची सूत्रे हाती घेतली आणि स्तेफानिया विल्चिन्स्का या सहकारी बाईंच्या साथीने शेकडो मुले वाढवली. तिथे मुलांचे न्यायालय असे. न्यायाधीश मुलेच, आणि त्यांच्या कायद्यातली बहुतेक कलमे क्षमा करण्याची! खुद्द डॉक्टरही त्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे राहिले होते.

पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून राबलेल्या या माणसाने १९२३ मध्ये ‘राजा माचुश पहिला’ ही कादंबरी लिहिली. आरंभी त्यांनी स्वतःचा लहानपणचा फोटो छापला, का तर या गोष्टीतले सारे काही करायची हौस त्या फोटोतल्या पोराला होती, आजच्या टकल्या डॉक्टरला नव्हे. गोष्ट सुरू होते ती राजाच्या मृत्यूने. पोरका माचुश गादीवर बसतो, वेष बदलून लढाईवर जातो, चिखल आणि उपासमार पाहतो. परत येऊन मुलांची संसद भरवतो. ती ठरवते की मोठ्यांनी शाळेत जावे आणि कामे मुलांनी करावीत. अर्थातच सगळा बोजवारा उडतो. शेजारचे राजे चढाई करतात, माचुश पकडला जातो, त्याला गोळी घालायची शिक्षा होते आणि अगदी शेवटच्या क्षणी तो निर्जन बेटावर धाडला जातो. पुढच्या भागात तर तो मरतोच. आफ्रिकेच्या राजाचे त्यातले चित्रण आज खटकते, हे खरे. पण चांगल्या मनाचा माणूसही हरू शकतो, हे मुलांना इतक्या सरळपणे सांगणारी पुस्तके आजही फारशी नाहीत. आपण घरात आजोबा गेले तरी नातवंडांना ते गावाला गेले असे सांगतो आणि मग ते परत कधी येणार, या प्रश्नाने कानकोंडे होतो. कोर्चाक हे करत नसत.

१९२६ पासून एका दैनिकाला जोडून मुलांनीच लिहिलेले साप्ताहिक त्यांनी चालवले. १९३४ मध्ये ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने ते रेडिओवर बोलू लागले. ज्यू नाव सांगायची सोय नव्हती, तरी मुले कान लावून ऐकत.

१९४० च्या अखेरीस जर्मनांनी अनाथालय वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यात हलवायला लावले. मुलांच्या बटाट्यांची गाडी जप्त झाली म्हणून जाब विचारायला गेलेल्या डॉक्टरांनाच तुरुंगात टाकले. सुटून आल्यावर वृद्ध, आजारी कोर्चाक पोते घेऊन दारोदार अन्न मागत हिंडत. बाहेरच्या मित्रांनी सुटकेची सोय करून पाहिली, पण मुलांना सोडून जाणे त्यांना मंजूर नव्हते.

आणि अशा दिवसांत, १८ जुलै १९४२ रोजी, त्यांच्या मुलांनी नाटक केले ते आपल्या रवींद्रनाथांचे ‘डाकघर’! आजारी अमल खोलीत कोंडलेला, खिडकीतून दहीवाल्याशी गप्पा मारणारा, राजाच्या पत्राची वाट पाहत झोपी जाणारा. उपाशी पोरांना हे नाटक का, असे विचारल्यावर मुलांना मृत्यूला शांतपणे सामोरे जाता यावे म्हणून, असे त्यांनी सांगितल्याची आठवण आहे. मला हा प्रसंग आजही सहज वाचवत नाही. मरणाची ओळख गोष्टीतून करून द्यावी, हे आपल्याला पटते. पण ते मरण चार दिवसांनी दाराशी येणार असेल तर?

२२ जुलैला कोंडवाडा रिकामा करायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या ५ किंवा ६ तारखेला सुमारे दोनशे मुले, विल्चिन्स्काबाई आणि इतर शिक्षक यांच्याबरोबर डॉक्टर रांगेने स्टेशनकडे चालत गेले. ती गाडी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीची होती.

त्यांची डायरी मात्र वाचली आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनरीची हकीकत तिच्यातलीच आहे. शेवटची नोंद ४ ऑगस्टची. खिडकीत ते झाडांना पाणी घालत आहेत, बाहेर बंदूकधारी जर्मन शिपाई पाहत उभा आहे. आपले टक्कल नेमासाठी किती सोयीचे, हे डॉक्टरांच्या मनात येते. तो गोळी का झाडत नाही, याचे ते नवल करतात. आणि मग विचार करतात, युद्धाआधी हा एखाद्या खेड्यातला मास्तर तर नसेल?