ड्रॉइंग मास्तरांचा नांगर

‘किर्लोस्कर’ म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या जणांना विहिरीवरचा पंप आठवतो. ज्यांच्या घरी नाटकाचं वेड आहे त्यांना ‘संगीत सौभद्र’वाले अण्णासाहेब आठवतात. गंमत म्हणजे दोघेही एकाच गावचे, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पण मला लिहायचंय ते पंपवाल्या लक्ष्मणरावांवर. ते आपल्यासारखेच ड्रॉइंग बोर्डापुढे बसणारे होते म्हणून. आणि खरं सांगायचं तर ज्या पुस्तकांत त्यांच्यावर धडे असतात, तिथे ते फक्त ‘थोर उद्योगपती’ असतात. जिद्द, चिकाटी, शून्यातून विश्व वगैरे. हे सगळं खोटं नाही, पण एवढंच वाचलं तर हा माणूस नक्की काय करत होता हे कळतच नाही.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. शाळेत मन रमेना. चित्रं काढायची आणि वस्तू उघडून आत काय आहे ते बघायचं, हे दोनच नाद. आपल्या ओळखीची कंडिशन आहे ना? घरच्यांना अर्थातच काळजी. पण थोरला भाऊ रामूअण्णा मागे उभा राहिला आणि 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. म्हणजे हा मुलगा इंजिनिअर नाही, चित्रकार व्हायला निघाला होता.

आणि तिथे दोन वर्षांत कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा. ज्याला इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये रेझिस्टरवरचे पट्टे वाचता येत नाहीत त्याची काय अवस्था होते हे ईअँडटीसीवाल्यांना विचारा. इथे तर पूर्ण करिअरच रंगांचं होतं. पेंटिंग संपलं. परत गावी जाणं हा सोपा मार्ग होता, पण त्यांनी त्याच शाळेतलं मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. तिथे रंग लागत नाही. पांढरा कागद, काळी रेघ. रेघ बरोबर तर वस्तू बरोबर.

मला वाटतं त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. रंगाने वस्तू सजवता येते. रेघेने सजवता येत नाही, रेघेत वस्तूचा आकारच धरावा लागतो. तो चुकला तर झाकायला काही नाही.

पुढे मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला लागले. आपल्याकडे पहिल्या वर्षाची मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून शीट उतरवतात (जी. टी. म्हणजे काय हे स्टाफने विचारू नये). या मास्तरांची सवय उलटी. शिकवून झालं की ते वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं प्रत्यक्ष हाताळायचे. कागदावर काढलेला भाग लोखंडात कसा होतो, कुठे अडतो, हे त्यांनी असंच शिकून घेतलं. बाजूला छोटे उद्योगही चालू. मुंबईहून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या. रामूअण्णा त्या विकणार आणि वर चालवायलाही शिकवणार. किर्लोस्कर बंधू ही पाटी लागली ती या सायकलच्या दुकानावर, 1888 मध्ये.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे सायकलींबरोबर त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना या यंत्राचं महत्त्व सांगायला नको. अख्खा कडबा टाकला की जनावर पानं खातं, ताटं तुडवतं. कापून टाकला की सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात हा फरक केवढा पडतो ते आपल्या लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांना चांगलंच माहीत आहे (उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालंय, पण आमच्या घरी अजून उस्मानाबादच म्हणतात).

मग आला नांगर. इथे मला जरा थांबायचंय, कारण मी मेकॅनिकलची आहे आणि या विषयात मला खरंच मजा आली.

आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो. फाळ पुढे जातो, माती दोन्ही बाजूंना सरकते आणि बरीचशी परत तिथेच बसते. खालच्या हराळीच्या, कुंद्याच्या मुळ्या शाबूत राहतात. नांदेड-लातूरची काळी जमीन ज्यांनी पाहिलीय त्यांना कुंदा काय चीज आहे ते ठाऊक आहे. एकदा वावरात शिरला की माणसं रडकुंडीला येतात. लोखंडी नांगराचं काम वेगळं. त्याच्या फाळाच्या मागे एक वाकवलेला लोखंडी पत्रा असतो. फाळ मातीचा काप आडवा कापतो, तो काप त्या पत्र्यावर चढतो, वर जाता जाता पिळला जातो आणि उलटा होऊन बाजूला पडतो. खालची माती वर, वरचं तण खाली. मुळ्या उन्हात.

म्हणजे सगळी करामत त्या पत्र्याच्या वळणात आहे. पिळा एकदम दिला तर माती पुढे ढकलली जाते, नांगर जड होतो आणि बैलांच्या खांद्यावर भार येतो. पिळा फार संथ दिला तर काप नीट उलटत नाही. वळणात कुठे खाचखळगा राहिला तर काळी चिकट माती तिथेच थापली जाते आणि शेतकऱ्याला दर चार पावलांवर ती खरवडावी लागते. फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू काढून हा आकार पकडून बघा. मी प्रयत्न केला, दोन व्ह्यूमध्ये तो मावत नाही. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन 1788 मध्ये याच आकाराच्या मागे लागले होते, मातीला कमीत कमी विरोध करणारं वळण गणिताने काढायला. आणि 1837 मध्ये इलिनॉयमध्ये जॉन डियर नावाच्या लोहाराने करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत नांगर केला, कारण तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकटणारी होती. हे दोघे घ्या नाहीतर आपले ड्रॉइंग मास्तर घ्या, प्रश्न तोच.

लातूरजवळ आमच्या आजोबांच्या गावी गोठ्याच्या मागे एक जुना लोखंडी नांगर पडलेला आहे. कोणत्या कारखान्याचा ते आता वाचता येत नाही. मी त्या पत्र्यावरून हात फिरवून पाहिला. एक सलग वळण, कुठेही अडत नाही. कोणी तो सुंदर दिसावा म्हणून केलेला नाही, पण सुंदर आहे. आमच्या होस्टेलच्या कॉटला पायाशी फुलांची जाळी आहे. ती सुंदर दिसावी म्हणूनच केलेली आहे आणि तिच्यात दर आठवड्याला कोणाची तरी ओढणी फाटते!

किर्लोस्करांचा पहिला नांगर 1903 सालचा. परदेशी नांगर तेव्हाही मिळत होते. देशी कारखान्यात ओतलेला, इथल्या शेतकऱ्यासाठी केलेला नांगर ही गोष्ट नवी होती. पण तो घेणार कोण? लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं म्हणजे आपली चार सेमिस्टर. वस्तू तयार आहे, चांगली आहे, आणि कोणी हात लावत नाही.

त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. ज्याच्याकडे एकच वावर आहे आणि एकच पावसाळा आहे, त्याने प्रयोग कशाच्या जोरावर करायचा? लाकडी नांगर गावचा सुतार तासून देत होता, फाळ गावचा लोहार शेवटून देत होता. लोखंडी नांगर मोडला तर बेळगावला जायचं का? म्हणून नुसता आकार जमून भागत नव्हतं. नांगर दुरुस्त करता यायला हवा होता. लोखंडी नांगरात सगळ्यात आधी झिजतं ते फाळाचं टोक, म्हणून फाळ वेगळा ओतून बोल्टने बसवतात. झिजला की तेवढाच बदलायचा, बाकी नांगर तसाच. टोक कडक करायलाही एक युक्ती आहे. साच्यात जिथे टोक येणार तिथे थंड लोखंडाचा तुकडा ठेवायचा. वितळलेला रस त्याला लागला की झटकन थंड होतो आणि तेवढाच भाग कडक बनतो. फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला ‘चिल’ म्हणून जे आपण फाइलमध्ये दोन ओळींत उरकतो, ते हेच.

धंदा जरा सावरतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवायला जागा हवी म्हणून त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. त्या वेळी औंधला एका सभागृहाच्या बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा तिथल्या राजांशी संबंध आलेला होता. राजे म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते आणि औंधचं चित्रसंग्रहालय त्यांचंच. चित्रकार राजाने चित्रकलेतून बाहेर पडलेल्या मास्तरांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं, हा योगायोग मला फार आवडतो. 32 एकर, निवडुंग आणि साप. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आधी निवडुंग तोडायचा, मग भट्टी लावायची.

ही वाडीही त्यांनी शीटवर आखल्यासारखी आखली. कारखाना, घरं, रस्ते, झाडं, शाळा. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम सुरुवातीपासून होता. त्या काळात आणि त्या भागात हे किती अवघड होतं याची कल्पना आपल्याला आज पूर्ण येणार नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला. मागणी वाढली, पण ओतायला लोखंडच नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. सिनेमातही असा सीन पटला नसता.

नंतरची यादी मोठी आहे, ती मी सगळी देत नाही. उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, हातपंप, मग विहिरीवरचे पंप, लोखंडी फर्निचर. सगळ्या वस्तू रोजच्या. दिवाणखान्यात मिरवायची त्यांत एखाद-दुसरी. 1920 मध्ये पुतणे शंकरराव, तेही चित्रकारच, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेलं ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे हे मासिक आणि हा कारखाना एकाच घरचे, हे मला इथे लायब्ररीत जुने अंक चाळताना कळलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन आला आणि इंजिनं, मशीन टूल्स, मोटर्स असा व्याप वाढत गेला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, पोस्टाने त्यांच्यावर तिकीट काढलं.

बैलाचा नांगर आता आपल्याकडे क्वचित दिसतो. विष्णुपुरीच्या पुढे उन्हाळ्यात गेलात तर ट्रॅक्टरच्या मागे पलटी नांगर लावलेला दिसेल. हायड्रॉलिक लिव्हर ओढला की तो वर उचलला जातो. त्याचा पत्रा मातीने घासून घासून आरशासारखा झालेला असतो, आणि त्यातला पिळा आजोबांच्या गोठ्यामागच्या नांगरासारखाच आहे. फक्त मोठा.